पाठीवरचं नाव

"ते राजेंद्र गमरे तुम्हीच काय हो?" काचेपलीकडच्या म्हाताऱ्याने विचारलं, आणि हयातीच्या दाखल्यावर शिक्का मारायला उचललेला राजेंद्रचा हात तसाच वर राहिला. नोव्हेंबर महिना होता. रत्नागिरीतल्या त्या बँकेत या महिन्यात पेन्शनरांची रीघ लागते. आपण अजून जिवंत आहोत हे दरसाल एकदा येऊन सांगावं लागतं, आणि ते सांगताना माणसं गरजेपेक्षा जरा जास्तच बोलतात. कुणी गुडघ्याचं सांगतं, कुणी सुनेचं. राजेंद्र ऐकून घेतो, मान डोलावतो, शिक्का मारतो. पण बावन्न वर्षांच्या आयुष्यात ‘ते राजेंद्र गमरे’ असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ‘ते’ म्हणण्यासारखं त्याच्यात काही असावं असं खुद्द त्याच्या बायकोचंही मत नव्हतं. म्हाताऱ्याने टेबलावरची नावाची पाटी पुन्हा एकदा वाचली आणि काचेला कपाळ टेकवलं. "पूर्णगडची फायनल. शहाण्णव सालची, सड्यावरची. पंचशीलकडून खेळलात ना तुम्ही? अहो, मी तिथे शाळेवर मास्तर होतो. आप्पा म्हणतात मला. बाउंड्रीला खुर्ची टाकून अख्खी मॅच बघितली मी. तुमचं आडनाव मागाहून विचारून घेतलं. काय तो लेट कट हो! चेंडू पार कीपरच्या हातात गेला असं वाटावं, आणि मग तुमची बॅट यायची. जशी काय विसरली होती आणि आत्ता आठवण झाली. पुढे टीव्हीवर मोठमोठे बघितले मी. पण तसा नाही, छे!" मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. राजेंद्रने खाली पाहिलं, फॉर्मवर आप्पांचा फोटो होता, त्यात ते मुळीच हसत नव्हते, आणि इथे काचेपलीकडे त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. "हो," राजेंद्र म्हणाला. "मीच."

शिक्का मारला गेला. आप्पांनी त्या हाताकडे पाहिलं. "डावरे होतात ना तुम्ही?" "लिहितो उजव्याने," राजेंद्र म्हणाला, आणि हे दुसरं वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघालं याचं त्यालाच नवल वाटलं. आप्पांनी त्याचा फोन नंबर मागून घेतला, जपून खिशात ठेवला, आणि जाताना दारातून वळून एकदा हवेत मनगट फिरवून दाखवलं.

तसं पाहिलं तर तो खोटं काहीच बोलला नव्हता. नाव बरोबर, साल बरोबर, मैदान बरोबर, संघही बरोबर. फक्त तो लेट कट त्याचा नव्हता, दीपकचा होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा प्रकार, पण या नागोबाला बिळात शिरून इतकं ऊबदार वाटलं की दुपारचा डबाही त्याला रोजच्यापेक्षा चवदार लागला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काय सर, आज खुशीत?" तेव्हा तो नुसता हसला. संध्याकाळी स्कूटर घरच्या रस्त्याला न लावता तो भाट्याच्या पुलावर गेला आणि कठड्याशी थांबला. खाडीचं पाणी आत शिरत होतं, होड्या झेंडे फडकवत मागे येत होत्या, आणि त्याच्या कानात ते शब्द फिरून फिरून येत होते, जशी काय विसरली होती आणि आत्ता आठवण झाली. किती खरं सांगितलं म्हाताऱ्याने. अठ्ठावीस वर्षं त्याला स्वतःला हे सांगता आलं नव्हतं. दीपक बॅट वर घेऊन उभा असायचा, चेंडू त्याच्या अंगाजवळून निघून जायचा, आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं की गेला, चुकला. आणि त्या धस्सच्या आणि पुढच्या श्वासाच्या मधे कुठेतरी ती बॅट खाली यायची. आवाजसुद्धा टोक असा, दारावर हलकेच बोट वाजवल्यासारखा. मग चेंडू सड्याच्या जांभ्या दगडाच्या सपाटीवरून निवांत सीमेकडे चालू लागायचा. धावायची कुणाला घाई नाही, चेंडूला नाही आणि दीपकलाही नाही. सड्यावर टेनिसचा चेंडू छातीएवढा उसळतो. तिथे सगळे डोळे मिटून समुद्राच्या दिशेने बॅट फिरवत. चेंडू उतरेपर्यंत थांबण्याइतका वेळ एकट्या दीपकजवळ असायचा. तो त्याला कुठून मिळायचा ते देव जाणे.

आणि राजेंद्र? त्याला वाडीत गडगा म्हणत. शेताच्या कडेला जांभ्याचे दगड रचून घातलेला गडगा जसा जागचा हलत नाही, तसा हा. पाय पुढे, कोपर वर, मान खाली, आणि चेंडू पायाशी मेलेला. बघणाऱ्यांना त्याचा खेळ मुळीच आवडायचा नाही, आणि ते तसं तोंडावर सांगत. "अरे मार की मेल्या, चेंडू काय अंडी घालणार हाय?" असं ओरडत. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही तो आवडायचा नाही. कुणी विचारलं असतं की राजेंद्र, तुला कुणाची बॅटिंग बघायला आवडेल, तर त्याने क्षणाचाही विचार न करता दीपकचं नाव सांगितलं असतं. दीपक त्याचा चुलतभाऊ, आठ महिन्यांनी मोठा. दोघं सलामीला येत. "राज्या, तू नुसता उभा रव. बाकी माझ्यावर सोड," असं दीपक म्हणायचा आणि राजेंद्र उभा राहायचा. समोरच्या टोकाला उभं राहण्यासारखी तो खेळ बघायला दुसरी जागा नव्हती. तिकीटही नाही आणि पुढे डोकं घालायला कुणी नाही. आपण खेळायला आलो आहोत हेच कधीकधी तो विसरून जायचा.

नावाची भानगड झाली ती शर्टांमुळे. त्या वर्षी वर्ल्ड कपात खेळाडूंच्या पाठीवर नावं होती, आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या डोक्यात आलं की आपल्या बौद्धवाडीच्या पंचशील संघालाही तसेच शर्ट पाहिजेत. वाडीत घरं चाळीस आणि आडनावं दोनच, गमरे नाहीतर मर्चंडे. आडनाव घातलं असतं तर अकरांत सात गमरे झाले असते. म्हणून मंडळाने पहिली नावं घातली. मापं घ्यायला गावी कोण येणार? मंडळाच्या सेक्रेटरीने दोन मे महिन्यांपूर्वी पाहिलेली पोरं आठवून आठवून लालबागच्या शिंप्याला मापं सांगितली. परिणाम व्हायचा तो झाला. ‘राजेंद्र’ लिहिलेला पिवळा शर्ट राजेंद्रच्या गुडघ्याला लागला, आणि ‘दीपक’ लिहिलेल्यात दीपकचे खांदे मावेनात. "दे हिकडं," म्हणून दीपकने त्याचा शर्ट ओढून घेतला आणि आपला त्याच्या अंगावर टाकला. "नाव कुनाचं का असंना, वाडीचंच हाय." सगळे हसले. माइकवर पूर्णगडचा बाबाजी होता, आसपासच्या दहा गावांच्या सामन्यांत समालोचन करणारा हौशी माणूस. त्याला वाडीतलं कुणी ओळखीचं नव्हतं. तो पाठीवरची नावं वाचायचा आणि बोलायचा. "आणि राजेंद्र! राजेंद्र यांनी चेंडूला नुसता नमस्कार केलेला आहे आणि चेंडू सीमेपार जाता झालेला आहे!" आणि लगेच, "दीपकराव पुन्हा एकदा चेंडू तटवतायत. दीपकराव, मंडळींना शेवटची एसटी धरायची आहे, जरा विचार करा!" सड्यावर हशा पिकायचा. त्या दिवशी दोन हजार माणसांनी राजेंद्र हे नाव डोक्यात घालून घेतलं, आणि नावाचा मालक समोरच्या टोकाला ‘दीपक’ लिहिलेल्या शर्टात शिव्या खात उभा होता.

तीन दिवसांनी आप्पांचा फोन आला. त्यांची नात मनस्वी, चौदा वर्षांची, जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी निवड चाचणीला बसणार होती. "पोर खेळते चांगली, पण सगळं पुढेच. मागच्या बाजूला तिला काही दिसतच नाही. मी तोंडाने सांगतो, पण तोंडाने सांगून कट येतो होय? रविवारी सकाळी आठला स्टेडियमला या. एकदा फक्त दाखवा. मी तिला लहानपणापासून तुमचंच नाव सांगत आलोय." राजेंद्र फोन कानाला लावून गॅलरीत उभा होता. आता सांगावं, त्याला वाटलं. आप्पा, तो मी नव्हे, एवढंच तर सांगायचं होतं. "येतो," तो म्हणाला. त्याची बायको रसिका आतून ऐकत होती. तिने फोन कुणाचा ते विचारलं, त्याने सांगितलं, आणि ती भाकरी थापता थापता हसत सुटली. "तुमी? लेट कट? लग्नात मला तुमच्या आत्यानं पयलं काय सांगितलं ठाव हाय? गडग्याच्या घरात पडलीस पोरी, आता हलू नको." "त्यांची चूक झालीय काहीतरी," राजेंद्र म्हणाला. "मग सांगा की तसं त्यांना." "सांगतो," तो म्हणाला, आणि भाकरी मोडून खाऊ लागला.

सांगण्यासारखं सोपं ते नव्हतंच. कट माझा नव्हता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कुणाचा? दीपकचा. आणि दीपकचं नाव आलं की आप्पांना तो दिवस पुरता आठवणार, शेवटपर्यंत आठवणार. शेवट राजेंद्रने अठ्ठावीस वर्षांत कुणालाही सांगितला नव्हता. लोकांनी पाहिला होता, पण जे लोकांनी पाहिलं ते आणि त्याला ठाऊक होतं ते, यात अंतर होतं. तेव्हा रविवारी स्टेडियमवर जायचं म्हणजे एक तर हे फुकटचं कौतुक कायमचं आपलं करून यायचं, नाहीतर ते देऊन टाकून त्याच्याखाली दाबून ठेवलेलं उघडं करायचं. तिसरी वाट त्याला दिसेना. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की त्याला कौतुक हवं होतं. फार हवं होतं.

शनिवारी दुपारी रसिका बाजारात गेल्यावर त्याने मोरीच्या कोपऱ्यातली छत्री उचलली आणि मागच्या गॅलरीत डाव्या हाताचा होऊन उभा राहिला. अंगाला ते पटेना. दुसऱ्याच्या चपलांत पाय घातल्यासारखं झालं. पण डोळे मिटल्यावर हळूहळू सडा आला. मे महिन्याची तापलेली तांबूस काळी सपाटी, फक्कीची पांढरी रेघ, खाली दूरवर खाडीचं तोंड आणि किल्ल्याचा तट, जांभ्यातून वर येणारी धग, पायांखाली हलणारी हवा. नव्वद धावा करायच्या होत्या, पंधरा षटकांत. बौद्धवाडीचा संघ त्या फायनलमध्ये पहिल्यांदाच पोचला होता. म्हाताऱ्या बायासुद्धा डोक्याला पदर गुंडाळून पायी आल्या होत्या. नऊ चेंडूंत अकरा हव्यात, दीपक एकसष्टवर, राजेंद्र सातवर. गोलंदाज धावत आला, चेंडू उसळला, दीपकच्या छातीपाशी आला, पुढे गेला, आणि राजेंद्रच्या छातीत रोजच्यासारखं धस्स झालं. मग टोक. तेवढा एक फटका त्याला पुढे कितीदा दिसला याला सुमार नाही. बँकेत बेरीज करताना, दाढी करताना, मुलाच्या वरातीत नाचताना. बॅट अशी उतरली की तिला कसली घाईच नव्हती. चेंडू सीमेकडे निघाला, मंद, अगदी मंद, आणि माइकवर बाबाजीचा आवाज खाली आला. राजेंद्र, तो म्हणाला. मग गप्प झाला. मग पुन्हा, हळूच, राजेंद्र. बाकी काही बोलणं त्याला सुचेना. दोन हजार माणसं चिडीचूप होती आणि त्या उन्हात फक्त ते नाव होतं, त्याचं नाव, त्याच्या आईने ठेवलेलं, शाळेच्या दाखल्यावरचं. त्याला ते कानात घालून घ्यावंसं वाटलं. दीपक ओरडला, "ये राज्या, दोन हायत!" आणि धावत सुटला. राजेंद्र उभा राहिला. त्याची नजर चेंडूवर होती आणि कान माइककडे. दीपक अर्ध्यावर आला, आणखी आला, त्याचे विस्फारलेले डोळे दिसले, घामाने चिकटलेले केस दिसले, आणि तरीही राजेंद्रचा पाय उचलेना. गडगा तो, हलतो कसला. सीमारेषेवरच्या पोऱ्याने चेंडू अडवला, तिकडून फेकला, कीपरने दांड्या पाडल्या. दोघं भाऊ एकाच टोकाला एकमेकांसमोर उभे होते.

दीपक काही बोलला नाही, आणि त्यामुळे जन्मभराची पंचाईत झाली. शिवी दिली असती, बॅट आपटली असती, तर संध्याकाळी खाडीत पोहताना ती धुऊन गेली असती. त्याने राजेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं, एखादं लांबून दिसलेलं माणूस ओळखीचं आहे का हे बघावं तसं. मग किंचित हसला आणि बॅट काखेत मारून चालू लागला. सामना तीन धावांनी गेला. लोक म्हणाले, गडग्याने घात केला, ऐकू आलं नसेल, भांबावला असेल. राजेंद्रही तेच सांगत राहिला, मला ऐकू आलं नाही. पुढच्याच आठवड्यात दीपक मुंबईला गेला. नालासोपाऱ्याला खोली, एका छापखान्यात नोकरी, शालनशी लग्न, एक मुलगी. गावी यायचा तो चार दिवसांसाठी. मे महिन्यात सड्यावर सामने सुरू असले की म्हणायचा, "ऊन लय हाय, तुमी जा." कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो तिकडेच गेला. तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला पास लागायचा, आणि पास मिळाला तेव्हा सगळं उरकून तीन दिवस झाले होते. राजेंद्र गेला नाही. छत्री हातात धरून तो अजून गॅलरीत उभा होता आणि खालच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालायचं सोडून वर बघत होती. तो आत गेला.

आपण का थांबलो, हे त्याला आजही नेमकं सांगता येत नव्हतं. इतकं सुंदर पाहिल्यावर माणूस जागचा हलत नाही, असं तो बऱ्या दिवसांत स्वतःला समजावी. वाईट दिवसांत त्याला आठवे की ते नाव ऐकताना गोडीच्या मागोमाग एक कडू धार जिभेवर आली होती. नाव माझं, खेळ ह्याचा. जे ऐकायला मी जन्माला आलो ते ह्याच्यामुळे मिळतंय आणि ह्याच्यामुळेच माझं नाही. हा थांबला तर बरं होईल. असं वाटलं होतं का? पापणी लवते तितक्या वेळात माणसाला किती गोष्टी वाटतात, त्यातली कुठली पायाला धरून ठेवते हे कुणी सांगावं? पण वाटलं होतं. हे त्याला नक्की ठाऊक होतं, आणि दीपकने तेवढ्या वेळात तेच वाचलं होतं, हेही.

रविवारी सकाळी स्टेडियमवर दव होतं. नेटमध्ये दहाबारा मुली खेळत होत्या. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, त्यांनी राजेंद्रचे दोन्ही हात धरले आणि नातीला हाक मारली. मनस्वी उंच, काटकुळी, दोन वेण्या हेल्मेटखाली कोंबलेली मुलगी होती. तिने वाकून नमस्कार केला, कारण आजोबांनी बजावलं होतं, आणि मग सरळ विचारलं, "काका, तुम्ही बॉलची वाट बघता म्हणजे नक्की किती वेळ बघता?" राजेंद्रला उत्तर ठाऊक होतं. "तो गेला असं वाटेपर्यंत," तो म्हणाला. "आणि मग?" "मग अजून थोडा." आप्पांनी खूश होऊन मांडीवर थाप मारली. "दाखवा, दाखवा!" त्यांनी बॅट त्याच्या हातात दिली. मनस्वीने दहा पावलांवरून चेंडू हळू टाकला. राजेंद्र डावरा होऊन उभा राहिला, वाट बघत राहिला, आणि बॅट खाली आणली तोपर्यंत चेंडू मागच्या जाळीत पडला होता. पुन्हा टाकला. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी बॅट जमिनीत रुतली आणि मनगटातून कळ गेली. नेटमधल्या दोन मुली तोंड फिरवून हसल्या. आप्पा मात्र हसले नाहीत. ते जवळ आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि समजुतीने म्हणाले, "चालायचंच हो. वय झालं. डोळे राहत नाहीत तसे. मी पाहिलंय ना तुमचं, मला पुरे आहे तेवढं."

म्हणजे सुटला होता तो. काही करायची गरज नव्हती. म्हातारपण नावाची सोय माणसाने आपणहून पुढे केली होती. हसून मान हलवायची, चहा प्यायचा, घरी जायचं, आणि आप्पा जिवंत असेपर्यंत दर नोव्हेंबरात काचेपलीकडून ते शब्द ऐकायचे. पाठीवरचा हात उबदार होता. त्या हाताखाली त्याला इतकं एकटं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. हा हात ज्याच्या पाठीवर पडायचा तो माणूस पंचवीस वर्षं छापखान्यात कागद मोजून मेला होता.

"आप्पा, तो मी नव्हे," राजेंद्र म्हणाला.

"काय म्हणालात?"

"तो दीपक. माझा चुलतभाऊ. शर्ट बदलले होते आम्ही. मी दुसऱ्या टोकाला होतो."

आप्पांनी हात काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही, मग कपाळाला एकेक आठी पडत गेली. "दुसऱ्या टोकाला? म्हणजे तो, तो रडका? तो ठोकळा?" "गडगा म्हणत मला." "अहो, मी तुम्हाला त्या दिवशी काय काय बोललो होतो! मास्तर असून! बायको म्हणाली, पोरं ऐकतायत, तोंड आवरा." ते बोलता बोलता थांबले. "त्याला तुम्ही रनआउट केलंत." "हो." "ऐकू आलं नव्हतं ना तुम्हाला? सगळे म्हणत होते तसं." राजेंद्रने बॅट जमिनीवर टेकवली. "ऐकू आलं होतं. माइकवर माझं नाव चाललं होतं. ते ऐकत उभा राहिलो. तो धावत येताना दिसत होता मला. मला वाटलं, होऊ दे आउट." शेवटचे शब्द त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले होते, आणि ते सकाळच्या उन्हात अगदी साधे ऐकू आले, दुकानात काहीतरी मागितल्यासारखे. मनस्वी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने बॅट त्याच्या हातातून अलगद काढून घेतली आणि नेटकडे गेली. तिची पाळी आली होती.

आप्पा पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी नातीच्या खेळाकडे पाहिलं, निदान डोळे तिकडे होते. "वाईट केलंत," ते शेवटी म्हणाले. "फार वाईट केलंत तुम्ही." "हो." "काय म्हणालात नाव? दीपक?" "दीपक गमरे." आप्पांनी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. "कुठे असतो तो? मला घेऊन चला त्याच्याकडे. एवढं तरी करा." राजेंद्रने सांगितलं, गेला, एकवीस साली. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि पुन्हा लावायला विसरले. "मी अख्ख्या जगाला चुकीचं नाव सांगितलं. आणि त्याच्या घरी तरी ठाऊक आहे का कुणाला, काय माणूस होता तो?" शालनवहिनीशी राजेंद्रचं बोलणं व्हायचं, बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला, मुलीच्या परीक्षेचं वगैरे. क्रिकेटचा विषय निघायचं काही कारणच पडलं नव्हतं.

त्याने तिथेच, स्टेडियमच्या फाटकाशी स्कूटरला टेकून फोन लावला. पलीकडे कुकरच्या शिट्टीचा आवाज होता. "बोला भावजी, आज कसे काय सकाळीच?" "वहिनी, दीपक क्रिकेट खेळायचा ते तुम्हाला माहीत आहे?" "कोन, हे?" शालन हसली. "नाय ओ. ह्यांना आवडायचंच नाय. टीव्हीवर मॅच लागली ना, की उठून गॅलरीत जायचे. समीक्षा लहान असताना किती मागं लागायची, पप्पा बसा ना. नाय म्हणजे नाय. मला त्यातलं कळत नाय, बोलायचे." राजेंद्रने डोळे मिटले. पंचवीस वर्षं गॅलरीत जात राहिलेला तो माणूस त्याला दिसला, कठड्याला रेलून खालचा रस्ता बघणारा, आणि आतून येणारा टाळ्यांचा आवाज. "कळायचं वहिनी," तो म्हणाला. "त्याच्याएवढं कुणालाच कळायचं नाही." आणि मग त्याने सांगितलं. सडा सांगितला, शर्ट सांगितले, बाबाजी सांगितला, नव्वद धावा, एकसष्ट, नऊ चेंडूंत अकरा. चेंडू कसा उसळला आणि बॅट कशी आली ते सांगितलं, आणि आपण का उभे राहिलो तेही, आप्पांना सांगितलं त्याच शब्दांत, एकही शब्द मऊ न करता. त्यामुळे त्याने खेळणं सोडलं, वहिनी, माझ्यामुळे सोडलं, असं म्हणून तो थांबला.

पलीकडे कुकर बंद झाला होता. शालनने शिवी दिली असती तर त्याने ती घेतली असती. त्यासाठीच तो उभा होता. मागे स्टेडियमवर कुणीतरी चेंडू मारला आणि मुली ओरडल्या.

"समीक्षा," शालनने तोंड बाजूला करून हाक मारली, "हिकडं ये. पप्पांचं सांगतायत काका." मग फोन स्पीकरवर गेला, आवाज खोलीतल्या भिंतींचा झाला, आणि ती घसा साफ करून म्हणाली, "भावजी, परत सांगा. हिला पन ऐकू दे. पन धावायच्या आधीपर्यंतच सांगा."